चकत्या उकळू नयेत

४ मार्च

आईला आज घरी आणलं. उजवा हात खांद्यापासून लुळा, जीभ जड, डोकं मात्र लख्ख. हे मी सांगतेय, डॉक्टरांनी नाही. डॉक्टर तिच्याकडे बघत मला विचारत होते, "यांना कळतं का?" मी म्हटलं, "यांनाच विचारा." त्यांनी घड्याळात पाहिलं. भरसभेत मी भल्याभल्यांना घाम फोडलाय, आणि त्या पांढऱ्या डगल्यासमोर माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघालं नाही. घरी येईपर्यंत त्या न निघालेल्या वाक्याचाच राग येत राहिला.

जाता जाता ते एवढं म्हणाले, की हात परत यायचा असेल तर येत्या महिना-दोन महिन्यांत येईल. नंतर फार आशा धरू नका.

धाकटा (माझा भाऊ. पन्नाशी उलटली, तरी धाकटाच) म्हणाला, "येईल गं ताई. आईचा हात आहे तो."

म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. त्याला आयुष्यात प्रत्येक गोष्टीत गंमत दिसत आली आहे.

६ मार्च

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. रबरी चेंडू आणला होता. "आजी, दाबा बघू." आईने चेंडूकडे असं पाहिलं, जसं मी सरकारी निवेदनाकडे पाहते. मग कपडे वाळत घालायचे चिमटे. "नाही." मग लाकडी खुंट्या. "नाही." आजारानंतर तिला हा एकच शब्द स्वच्छ येतो, आणि तो ती अगदी मनापासून वापरते.

बाई गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर. "तुला हात हवा आहे की नको?" तिने डोळे मिटून घेतले. उजव्या हाताची बोटं पांघरुणावर हलत होती. अंगठा आणि दोन बोटं, काहीतरी उचलून पुन्हा खाली सोडल्यासारखी. बाई म्हणाल्या होत्या की असे झटके येतात, त्याला अर्थ नसतो.

९ मार्च

सकाळपासून आई डाव्या हाताने माळ्याकडे बोट दाखवतेय. "वर." मी विचारत गेले. पांघरूण? रेडिओ? फोटो? नाही, नाही, नाही. धाकटा आला, बूट न काढता स्टुलावर चढला आणि तिची पत्र्याची पेटी खाली घेऊन उतरला. काय हवंय म्हणून विचारलंसुद्धा नाही.

पेटीत तिचे जुने स्वेटर. स्वेटरांच्या तळाशी लाकडी डबा. डब्यात त्या चकत्या.

मला वाटलं होतं की त्या माणसाबरोबर, म्हणजे माझ्या बापाबरोबर, त्याही गेल्या असतील. पत्त्यांच्या क्लबात टेबलावर पैशांच्या जागी टाकतात, त्या मातीच्या गोल चकत्या. लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या, कडेला पांढरे पट्टे, मधोमध सोनेरी छाप. पैसा पैशासारखा दिसला नाही की माणूस तो मातीमोलाने उधळतो, हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं तो मोठा हुशार आणि मोठा नीच. माझ्या बापाच्या तारुण्याचे सगळे शनिवार या चकत्यांनी खाल्ले. मी त्या क्लबाला कुलूप लागेपर्यंत रस्त्यावर उभी राहिले. लाठी खाल्ली, तुरुंग पाहिला. आणि या माझ्याच घराच्या माळ्यावर निवांत झोपल्या होत्या. लपवायला जागाही त्या माणसाने कुठली निवडावी? तर आईची पेटी. आईचे स्वेटर.

"हे आत्ताच्या आत्ता कचऱ्यात जाणार," मी म्हटलं.

"ताई, माइक बंद आहे," धाकटा म्हणाला. "हळू बोललीस तरी ऐकू येतं."

आईने डाव्या हाताने एक लाल चकती उचलून उजव्या तळव्यात ठेवली. आणि बोटं मिटली. चेंडूवर न मिटलेली, चिमट्यावर न मिटलेली बोटं या घाणीवर मिटली.

मी खोलीबाहेर गेले.

१० मार्च

व्यायामाच्या बाई खूश. "आजींना आवडतंय ना, मग हेच वापरू. वजन छान आहे, पकडही छान. फक्त धुवून घ्या हं, फार मळल्यात."

मळल्यात म्हणजे काय. कडेच्या खाचांत काळी पुटं. अनेक हातांचा घाम, धूर, सांडलेली दारू. माझी आई हे बोटांत धरणार आणि मग तीच बोटं डोळ्यांना लावणार.

मी मोठं पातेलं गॅसवर चढवलं. धुण्याचा सोडा मूठभर. पाणी उकळी फुटल्यावर सगळ्या लाल चकत्या आत सोडल्या. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं मी व्यसनाला उकळत्या पाण्यात घाला म्हणून भाषणं दिली आणि आज पहिल्यांदा ते हातांनी केलं. पाणी गढूळ तांबडं झालं तेव्हा वाटलं, निघतंय, सगळं निघतंय.

११ मार्च

घाण निघाली नाही, चकत्या निघाल्या. फुगल्या आहेत, वाकड्या झाल्या आहेत, कडांचा भुगा होतोय. सोनेरी छाप पाण्यावर तरंगत होता. तांबडं पाणी म्हणजे घाण नव्हतीच, चकत्यांचा रंग होता.

मी त्यातल्या बऱ्यापैकी दिसणाऱ्या पुसून आईपुढे ठेवल्या. तिने एकीवरून अंगठा फिरवला. एकदाच. आणि डाव्या हाताच्या फटक्याने सगळ्या जमिनीवर.

दोन दिवस मुठीत चकती धरणारा हात आज दिवसभर पांघरुणाखाली पडून आहे. बाईंनी बाहेर काढला तर तिने परत आत घेतला.

धाकट्याने एक तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. "कमाल केलीस. इतकी वर्षं लोक यांच्यावर राग काढत आले, टेबलावर आपटत आले, पण यांना हरवलं ते तूच."

"त्या त्याच लायकीच्या होत्या."

"असतील. पण आईला त्याच हव्यात. आणि उरलेल्याच आता उरल्यात."

मी त्याला जेवायला न विचारता घालवला.

१३ मार्च

माझ्या घरात भिंतींपेक्षा पुस्तकं जास्त. क्रांत्या कशा झाल्या आणि कशा फसल्या, सगळं आहे. जुनी चकती कशी धुवावी यावर एक ओळ नाही. तेव्हा स्वतःच शिकायचं. माझ्याकडे बिघडवायला आधीच बिघडलेल्या लाल चकत्या आहेत आणि पुरून उरण्याइतका राग आहे.

सकाळी ताठ ब्रशने घासून पाहिलं. चकतीच्या अंगावर बारीक जाळी उठवलेली असते, बोटाला पकड मिळावी म्हणून. ती जाळीच घासली जाते. दुपारी एक तासभर भिजत ठेवली, तर ओल आत शिरली आणि कड मऊ पडली. नखाने उकरलं तर खाच. स्पिरिट लावलं तर सोनेरी छाप थेट कापसावर. म्हणजे हे एवढ्या दारूत, एवढ्या धुरात टिकलं, आणि स्वच्छ करायला गेलं की मरतं. कसली ही वस्तू. मला अशी माणसंही माहीत आहेत.

१५ मार्च

जमलं. लिहून ठेवते, कारण पुन्हा कुणी या घरात मूर्खपणा करू नये.

पाणी कोमट. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. एका वेळी एकच चकती, भिजत ठेवायची नाही. मऊ दातांच्या ब्रशने कडेच्या खाचा आधी, मग अंग, गोल गोल, जोर न लावता. मधल्या छापावर ब्रश न्यायचाच नाही, फक्त ओलं फडकं टेकवायचं. लगेच स्वच्छ पाण्यातून काढून मऊ टॉवेलवर आडवी. ऊन नको, हीटर नको. वाळल्यावर पांढुरकी दिसते, तेव्हा शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवून पुसून घ्यायची, म्हणजे मूळचा रंग वर येतो.

जोर न लावता. हे तीन शब्द लिहायला मला साठावं वर्ष गाठावं लागलं आणि मला ते अजिबात आवडलेले नाहीत.

एक निळी आईच्या तळव्यात ठेवली. अंगठा फिरला, थांबला, परत फिरला. मग बोटं मिटली. मी मोरीत जाऊन पाणी वाहतं सोडलं, कारण तिच्यासमोर रडायची मला सवय नाही.

१७ मार्च

हिरव्या धुताना एक गोष्ट दिसली. पुष्कळ चकत्यांच्या कडांवर लाल रंगाचे बारीक ओरखडे. मला वाटलं शेजारच्या चकतीचा रंग लागला असेल. पण हा चमकदार होता, पापुद्र्यासारखा. नखं रंगवायचा रंग.

म्हणजे बायाही होत्या. त्याच्या शेजारी बसून त्याच्या चकत्या हाताळणाऱ्या, लाल नखांच्या. आई घरी आणि या तिकडे. इतकी वर्षं मी त्याला निदान या एका बाबतीत सोडला होता.

संध्याकाळी धाकट्याला दाखवलं. त्याने एका ओरखड्यावरून नख फिरवलं.

"आई तेव्हा नखं रंगवायची," म्हणाला.

"आई? आपली आई? तू पाळण्यात होतास."

"मी सात वर्षांचा होतो. मला त्या बाटलीचा वास आठवतो."

"लहान मुलांना काहीही आठवतं."

"हो," तो म्हणाला. "मोठ्यांनाही." आणि टॉवेलवरच्या चकत्या उलटायला लागला. मी त्याला सांगितलं की उलटू नकोस, अजून ओल्या आहेत.

२१ मार्च

हात सुधारतोय. आता चार चकत्यांची चवड उचलते आणि खाली ठेवते. पडत नाही. बाई म्हणतात की अशी प्रगती त्यांनी पाहिलेली नाही. मी जेवणं आणि साफसफाई यांच्या मधल्या वेळात चकत्या धुते. हातांना तेलाचा वास येतो. राग मात्र उतरत नाही, उलट प्रत्येक धुतलेल्या चकतीबरोबर चढतो, कारण ती सुंदर निघते.

२९ तारखेला सभा आहे. क्लब बंद झाल्याचा वर्धापनदिन, मुख्य वक्ती मी. कार्यकर्ते म्हणतात, आईंना आणा, व्यासपीठासमोर खुर्ची ठेवू, लोकांना बळ येईल. मी हो म्हटलं. या आजारातून उठलेली ती बाई, त्या माणसाची बायको, तिच्याहून मोठा पुरावा कोणता.

भाषण तयार आहे. मधला भाग नेहमीचा, तोच लोकांना हवा असतो. शनिवारची संध्याकाळ, दहा वर्षांची मी शेजारच्या मावशींच्या खिडकीत, समोर क्लबाचं दार. दार उघडतं. आई त्याला कोपराला धरून बाहेर आणतेय. तिचा कोट त्याच्या हातावर लोंबतोय, कारण नवऱ्याला त्या नरकातून ओढून आणायच्या धांदलीत तिला स्वतःचा कोट अंगावर चढवायचीही शुद्ध नव्हती. आणि घरी आल्यावर तो मुकाट्याने स्वयंपाकाला लागतो. दर शनिवारी स्वयंपाक तोच करायचा. अपराधी मनाने दुसरं काय करावं?

धाकट्याला वाचून दाखवलं. इतर वेळी तो मध्ये मध्ये टोमणे मारतो. आज एकही नाही.

"कसं आहे?"

"आवाज चांगला लागलाय."

"मजकूर?"

"एक विचारू? चिडणार नसशील तर."

"चिडणार."

"तरी विचारतो. बाहेर थंडी होती. आई घरून निघाली ती कोट घालूनच निघाली असणार. मग तो काढला कुठे?"

मी म्हटलं, आत उकडत असेल. तो म्हणाला, असेल. मी म्हटलं, झटापटीत निघाला असेल. तो म्हणाला, असेल. त्याच्या त्या दोन "असेल"नी माझी झोप गेली आहे. बाबांबद्दल तो नेहमी असाच. काही झाकून ठेवल्यासारखा. विचारलं तर म्हणतो, "माझं नाही ते सांगायचं."

२४ मार्च

आज बाईंसमोर आईने काळ्या चकत्यांच्या दोन चवडी केल्या, दोन्ही जवळ आणल्या, बोटांनी कडा किंचित उचलल्या आणि त्या एकमेकींत मिसळल्या. एकाआड एक. सर्र असा आवाज. एक चवड झाली. तिने परत दोन केल्या. परत सर्र. उजव्या हाताने, एकट्या उजव्या हाताने.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "आजी, हे मला दोन चांगल्या हातांनी जमणार नाही. कुठे शिकलात?"

आई हसली. आजारानंतर पहिल्यांदा. अर्धा चेहरा हसला, अर्धा तसाच, पण मी ते हसू ओळखलं नाही. मला वाटत होतं की तिचं प्रत्येक हसू मला ठाऊक आहे.

मी बाईंना म्हटलं, "माझ्या वडिलांना करताना पाहिलं असणार तिने." बाई म्हणाल्या, "बघून नाही येत हो हे. बोटांना वर्षं लागतात."

त्या त्यांच्या कामातल्या माहीतगार आहेत, पण आमच्या घरातल्या नाहीत. चकत्या धुवायच्या संपल्या होत्या. तरी मी काळ्या परत धुतल्या.

२९ मार्च

सभागृह भरलं होतं. आई पहिल्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत, पायांवर शाल. धाकटा मागे उभा. सुरुवात जोरात झाली. कायदा, पळवाटा, नव्या नावाने उघडलेले जुने अड्डे. लोक तापले होते. मी खिडकीशी आले, क्लबाच्या दाराशी आले. आई त्याला कोपराला धरून बाहेर आणते. तिचा कोट.

आणि मी खाली पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, दुःख नाही, कौतुक नाही. हे भाषण तिने तरुणपणी ऐकलंय, म्हातारपणी ऐकलंय, दर वेळी पहिल्या रांगेत, आणि दर वेळी याच चेहऱ्याने. मी दर वेळी समजत आले की तो सहन केल्याचा चेहरा आहे.

शालीवर तिचा उजवा हात हलत होता. चकत्या घरी होत्या. रिकामी बोटं दोन चवडी करत होती आणि मिसळत होती.

मी कोटाचं वाक्य पुरं केलं नाही. पाणी प्यायले, सरळ ठरावावर गेले, तो वाचला आणि बसले. टाळ्या पडल्या, पण कशा, ते मला कळतं. एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, वडिलांचा भाग राहिला." मी म्हटलं, "राहू दे." इतकं कडक म्हटलं की तो दोन पावलं मागे सरकला.

मला कुणाचा राग येतोय, हे मी इथे लिहायला बसले होते. लिहिता येत नाही. त्या माणसाचा यायला हवा. तो शेवटच्या आजारात पडला होता तेव्हाही मी त्याला हे सगळं ऐकवलं होतं. तो म्हणाला होता, "बरोबर आहे तुझं." एवढंच. भांडलासुद्धा नाही. मी ती कबुली समजले.

२ एप्रिल

तीन दिवस विचारू की नको करत काढले. आज दुपारी जेवणं झाल्यावर धाकट्यासमोरच विचारलं. "आई, क्लबात कोण जायचं?"

 आईने धाकट्याकडे बघून बोटांनी पत्ते वाटल्याची खूण केली. त्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला. खिशातून. म्हणजे हे दोघांचं ठरलेलं होतं.

"मी पत्त्यांना हात लावत नाही," मी म्हटलं.

"मग ती सांगणार नाही," धाकटा म्हणाला. "आई, ताई जिंकली तर सांगणार ना?"

"बरं," आई म्हणाली.

त्याने मला नियम समजावले. पाच-पाच पत्ते. आळीपाळीने चकत्या लावत जायचं. समोरच्याने लावलं तेवढं लावलं तरच शेवटी पत्ते उघडतात. नाहीतर टाकून द्यायचे, मग समोरच्याने आपले दाखवायचे काहीही कारण नाही. मी म्हटलं, किती नीच खेळ आहे. तो म्हणाला, "हो. लाव."

चकत्या वाटून घेतल्या. मी धुतलेल्या, निळ्या, हिरव्या, काळ्या. हातात घेतल्यावर कळलं की त्या किती चांगल्या झाल्या आहेत. माझ्याकडे तीन राजे आले. धाकट्याने शिकवलं होतं त्यावरून मला एवढं कळत होतं की हे पुष्कळ आहे. मी दोन लावल्या. आईने चार. मी चार. तिने आठ.

मग तिने उजवा हात तिच्या उरलेल्या सगळ्या चवडींच्या मागे नेला, तळवा उभा केला आणि ढकललं. हात थरथरला, थांबला, परत ढकललं. सगळ्या चकत्या टेबलाच्या मध्यावर. एकही पडली नाही.

महिन्यापूर्वी हाच हात पांघरुणाखाली मेल्यासारखा पडला होता. पण मी हाताकडे बघत नव्हते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. खरं की खोटं? हातात काही आहे की नुसता आव आहे? सगळं आयुष्य मी या चेहऱ्यासमोर काढलं, त्याच्या वतीने बोलले, त्याचं दुःख गावोगाव सांगितलं, आणि आज मला त्यावरची एक रेषा वाचता येत नव्हती. तिकडे उत्तर होतं, चार बोटांच्या अंतरावर. माझ्याकडे तीन राजे होते. फक्त सगळ्या चकत्या पुढे करायच्या होत्या.

मग मला बाबा दिसले, हातावर तो कोट घेतलेले. "बरोबर आहे तुझं" म्हणणारे.

मी पत्ते खाली टाकले.

धाकट्याने श्वास सोडला. आईने चकत्या ओढून घेतल्या, तिचे पाच पत्ते उजव्या हाताने उचलले आणि न उलटता जोडात मिसळले.

"काय होतं तुझ्याकडे?" माझा आवाज सभेतला झाला होता. "आई, काय होतं, ते तरी सांग."

"बघायचं होतं," ती म्हणाली, "तर लावायचं होतंस."

आजारानंतरचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य. कुठेही अडखळली नाही. धाकटा हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि मी इतकी संतापले होते की टेबलाची कड धरून उभी राहिले. जावं असं वाटलं. कुठे, ते सुचेना.

खाली बसले.

"वाट," मी म्हटलं.